वाटाण्याच्या संकरात दुसऱ्या पिढीत २५ : १५ आले, तर ते ३ : १ मानावे की ९ : ७?

प्रयोगवही (प्रश्नकर्ता)

नमस्कार. वनस्पतींची पैदास हा माझा व्यवसाय नाही. गुणधर्मांच्या आनुवंशिकतेचे जे नियम पुस्तकात वाचले, ते स्वतःच्या हातांनी पडताळून पाहावेत एवढ्याच इच्छेने मी चार हंगामांपासून वाटाण्याचे संकर करीत आहे. पहिल्या हंगामात दोन वाण नुसते स्वपरागणाने वाढवून ते शुद्ध असल्याची खात्री करून घेतली. एका वाणाची फुले जांभळी, बी गोल व गुळगुळीत आणि फुलोरा उशिरा येणारा. दुसऱ्याची फुले पांढरी, बी सुरकुतलेले आणि फुलोरा लवकर येणारा.

दुसऱ्या हंगामात संकर केला. तिसऱ्या हंगामात संकरित बियांपासून सहा झाडे वाढली आणि सहाही झाडांना जांभळी फुले आली. त्यांच्या शेंगांमधून एकूण ४०६ दाणे मिळाले. २९७ गोल आणि १०९ सुरकुतलेले. हे पुस्तकात दुसऱ्या पिढीसाठी सांगितलेल्या ३ : १ च्या जवळ असल्याने समाधान वाटले. मात्र एका शेंगेत सात दाणे होते आणि त्यांपैकी चार सुरकुतलेले निघाले. ती शेंग मी अजून कागदी पाकिटात जपून ठेवली आहे, कारण तिच्यामुळेच पहिल्यांदा शंका आली.

याच दाण्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळली नाही. आकार एकाच शेंगेत दोन्ही प्रकारचा, पण बीजावरण मात्र सर्व ४०६ दाण्यांचे एकसारखे करडे-तपकिरी. पांढऱ्या फुलांच्या मूळ वाणाचे बीजावरण फिकट, जवळजवळ रंगहीन असते. मग तो फिकटपणा दुसऱ्या पिढीत एक चतुर्थांश दाण्यांत परत यायला नको होता का?

चौथ्या हंगामात या दाण्यांपैकी ५२ पेरले. बारा झाडे फुलण्याआधी मेली. उरलेल्या ४० पैकी २५ जांभळी आणि १५ पांढरी फुलली. अपेक्षा ३० आणि १० ची होती. दोन जनुके मिळून एक रंग तयार होत असेल तर ९ : ७ असे प्रमाण येते असे वाचले आहे, आणि ४० चे ९ : ७ प्रमाणे भाग केले तर साडेबावीस आणि साडेसतरा होतात. माझी संख्या या दोहोंच्या अगदी मध्ये लटकते आहे.

फुलोऱ्याच्या दिवसांना तर कोणतेच प्रमाण लागत नाही. लवकरचा वाण पेरणीनंतर ४० ते ४३ दिवसांत फुलला, उशिराचा ६१ ते ६६ दिवसांत, पहिल्या संकर पिढीची सहा झाडे ५४ ते ५७ दिवसांत. दुसऱ्या पिढीत पहिले झाड ३९ व्या दिवशी फुलले आणि शेवटचे ६७ व्या. मध्ये मोठी रिकामी जागा कोठेच नाही.

तीन वेगवेगळे गुणधर्म, आणि तिन्हींचे वागणे वेगळे. माझे काही चुकले आहे, की ते असेच वागतात?

बीजपत्र

तुमचे काही चुकलेले नाही. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि बीजावरणाचा प्रश्न दरवर्षी एखादा तरी चौकस विद्यार्थी विचारतोच. मी फक्त त्याविषयी लिहितो.

एका दाण्यात दोन पिढ्या एकत्र असतात, हे लक्षात आले की गाठ सुटते. दाणा सोलल्यावर हाती येणाऱ्या दोन डाळिंब्या आणि त्यांच्यामधला कोंब हा गर्भ. तो फलनातून जन्मलेला, म्हणजे नव्या पिढीचा. त्याच्यावरची साल मात्र बीजांडाच्या आवरणांपासून बनते, आणि ती आवरणे आईच्या शरीराचा भाग असतात. तेथे परागाचा काहीही वाटा नसतो. तुमच्या सहा संकरित झाडांच्या शेंगांतील प्रत्येक दाण्याची साल ही त्या संकरित झाडाचीच साल होती. ते झाड रंगाचे प्रभावी जनुक बाळगणारे असल्याने सगळ्या साली करड्या-तपकिरी निघाल्या, आणि आतला गर्भ मात्र दाण्यागणिक वेगळा होता.

आकार हा गर्भाचा गुणधर्म आहे, कारण तो डाळिंब्यांत काय साठते यावर ठरतो. सुरकुतलेल्या वाणात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका विकराचे जनुक बिघडलेले असते. त्या जनुकात सुमारे ८०० बेस-जोड्यांचा एक परका तुकडा घुसून बसला आहे, हे १९९० मध्ये उलगडले. विकर नीट काम करीत नसल्याने साखरेचे स्टार्च पुरेसे बनत नाही, शिल्लक साखर जास्त पाणी ओढते आणि कोवळा दाणा टपोरा फुगतो. वाळताना ते पाणी निघून जाते, आतला ऐवज आक्रसतो आणि ताणलेल्या सालीला सुरकुत्या पडतात. सुरकुती दिसते सालीवर, पण तिचे कारण डाळिंबीत असते.

म्हणून आकाराचे प्रमाण तुम्हाला संकरित झाडाच्या शेंगेतच मोजता आले, आणि सालीच्या रंगाचे प्रमाण मोजायला एक पिढी अधिक थांबावे लागेल. ते दाण्यागणिक दिसणार नाही, झाडागणिक दिसेल. जांभळ्या फुलांच्या २५ झाडांचे सगळे दाणे करड्या सालीचे आणि पांढऱ्या फुलांच्या १५ झाडांचे सगळे दाणे फिकट सालीचे निघतील, असा माझा अंदाज आहे, कारण वाटाण्यात फुलाचा जांभळा रंग आणि सालीचा रंग एकाच जनुकावर अवलंबून असतात. वाटाण्याच्या संकरांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने हे दोन्ही गुणधर्म एकत्रच येतात असे नोंदवले होते, आणि पानाच्या बगलेत खोडावर दिसणारा तांबूस डागही त्यांच्याच जोडीने येतो असे लिहिले होते.

या शेवटच्या गोष्टीचा तुम्हाला व्यवहारात उपयोग आहे. तुमच्या जांभळ्या वाणात बगलेतला तो डाग असेल, तर फुलांची वाट न पाहता रोप चार-पाच पानांचे असतानाच मोजणी करता येते. मेलेल्या बारा झाडांची नोंद डागावरून झाली असती, तर आज तुमच्याकडे ४० ऐवजी ५२ चा हिशेब असता.

सात दाण्यांच्या शेंगेविषयी: प्रत्येक दाणा सुरकुतलेला निघण्याची शक्यता एक चतुर्थांश धरली, तर सातांपैकी चार किंवा अधिक सुरकुतलेले निघण्याची शक्यता सुमारे ७ टक्के येते. तुमच्याकडे साठ-सत्तर शेंगा असतील, तर अशी एकही शेंग न सापडणे हेच अधिक आश्चर्याचे ठरले असते.

वाण_निवडकार

वरील उत्तराशी मी सहमत आहे; फुलांच्या रंगाकडे वळतो. माझे आयुष्य शेंगवर्गीय पिकांच्या पैदाशीत गेले आहे, आणि २५ : १५ ही संख्या पाहिल्यावर माझे मन लगेच ९ : ७ कडे धावले, हे आधी कबूल करतो.

आकडेमोड अशी आहे. ३ : १ धरल्यास काय-वर्ग (मोजलेली संख्या अपेक्षेपासून किती दूर आहे याचे माप) ३.३३ येतो; ५ टक्के पातळीवर नाकारण्यासाठी तो ३.८४ च्या पुढे जायला हवा. म्हणजे ३ : १ नाकारता येत नाही, पण उंबरठा फार दूर नाही. ९ : ७ धरल्यास काय-वर्ग ०.६३ येतो, म्हणजे तेही नाकारता येत नाही. काय-वर्ग लहान आला म्हणजे ते गृहीतक सिद्ध झाले, असे समजण्याची चूक अनेक प्रबंधांतही आढळते. कसोटी फक्त एवढेच सांगते की ही संख्या त्या गृहीतकाशी विसंगत नाही. एकच संख्या दोन गृहीतकांशी सुसंगत असू शकते, आणि ४० झाडांवर तसे होणारच होते. स्वपरागणाच्या पिढीत ३ : १ आणि ९ : ७ यांतला फरक दोन्ही बाजूंनी ५ टक्क्यांहून कमी चूक ठेवून ओळखायचा असेल, तर सुमारे ७० झाडे लागतात.

९ : ७ ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीट पी या शोभेच्या फुलवेलीच्या दोन पांढऱ्या वाणांचा संकर केला, तेव्हा पहिली पिढी जांभळी निघाली आणि दुसऱ्या पिढीत रंगीत व पांढरी झाडे ९ : ७ च्या प्रमाणात आली. रंगद्रव्य तयार होण्यासाठी दोन जनुकांची प्रभावी रूपे एकाच वेळी लागत होती, आणि दोन्ही पांढऱ्या वाणांत वेगवेगळी कडी तुटलेली होती. आपल्या नेहमीच्या वाटाण्यातही अशी दोन जनुके माहीत आहेत. दोन्ही रंगद्रव्याची यंत्रणा सुरू करणाऱ्या नियामक प्रथिनांची आहेत, आणि दोहोंपैकी कोणतेही एक निकामी झाले तरी फूल पांढरे होते.

मला विचाराल तर आणखी ४० झाडे पेरून तीच मोजणी वाढवण्यापेक्षा झाडांनाच दुसरा प्रश्न विचारावा. पहिला मार्ग म्हणजे पहिल्या पिढीच्या झाडाचा पांढऱ्या जनकाशी पुन्हा संकर. एकच जनुक असेल तर निम्मी झाडे जांभळी येतील; दोन पूरक जनुके असतील तर एक चतुर्थांशच. हा फरक सुमारे ४० झाडांतच उघड होतो.

दुसरा मार्ग म्हणजे तिसरी पिढी. २५ जांभळ्या झाडांचे दाणे झाडानुसार वेगळे ठेवून पेरा. एक जनुक असेल तर त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश झाडांची संतती निखळ जांभळी येईल, म्हणजे आठेक कुळे. दोन जनुके असतील तर फक्त एक नवमांश, म्हणजे तीनच्या आसपास. येथे प्रत्येक कुळात किती रोपे घ्यावीत याकडे लक्ष द्या. विषमयुग्मी झाडाच्या (ज्यात जनुकाचे एक रूप प्रभावी आणि एक अप्रभावी असते) संततीत दहाच रोपे घेतली, तर त्यांत एकही पांढरे न येण्याची शक्यता ५.६ टक्के असते आणि ते झाड चुकून शुद्ध गणले जाते. सोळा रोपे घेतली की ही शक्यता १ टक्क्यावर येते.

तिसरा मार्ग मला सर्वांत देखणा वाटतो. दुसऱ्या पिढीतील पांढऱ्या झाडांचे आपसात संकर करा. एकच जनुक असेल तर पांढरे गुणिले पांढरे यातून कधीही जांभळे येऊ शकत नाही. दोन असतील तर पांढऱ्यांच्या कोणत्याही दोन झाडांच्या जोडीत, प्रत्येकात वेगळी कडी शाबूत असण्याची शक्यता ४९ पैकी १८ आहे. एका जरी जोडीतून जांभळे रोप उगवले, तरी काय-वर्गाची गरजच उरत नाही.

संख्याशंकी

वरील तिन्ही मार्ग उत्तम आहेत, पण ९ : ७ कडे झुकण्यापूर्वी जनकांकडे पाहायला हवे होते. स्वीट पीच्या त्या प्रयोगात दोन्ही जनक पांढरे होते. येथे एक जनक जांभळा आहे आणि एक पांढरा. अशा संकरातून ९ : ७ यायचे असेल, तर पांढऱ्या जनकात दोन्ही जनुके एकाच वेळी निकामी असावी लागतात. पांढरे फूल होण्यास एकच कडी तुटणे पुरेसे असताना दोन्ही तुटलेला वाण हाती लागणे दुर्मिळ आहे. म्हणून आकडे दोन्हीकडे सारखे ताणत असले, तरी आधीपासूनचे ज्ञान ३ : १ च्या बाजूला आहे.

दुसरे असे की लहान संख्येला घाबरण्याची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकांनी लावली आहे, कारण तेथे फक्त बेरजा छापतात. मेंडेलच्या ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या दाण्यांचा आकडा सर्वांना पाठ असतो. तो २५३ झाडांच्या दाण्यांची बेरीज आहे. त्याच निबंधात त्याने एकेका झाडाचे आकडेही दिले आहेत. पहिल्या दहा झाडांत ४५ ला १२ आहे, १९ ला १० आहे, ८८ ला २४ आहे. टोकाची उदाहरणेही त्याने लपवली नाहीत: एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. तुमची सात दाण्यांची शेंग या दुसऱ्या झाडापुढे काहीच नाही.

दहा रोपांचा मुद्दा निघाला आहे म्हणून सांगतो. मेंडेलने तिसऱ्या पिढीत प्रत्येक झाडाचे दहा दाणे पेरले होते. शेंगेच्या रंगासाठी तपासलेल्या १०० झाडांपैकी ६० विषमयुग्मी आणि ४० शुद्ध निघाली. अपेक्षित २ : १ पासून हे दूर आहे असे वाटून त्याने प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ६५ आणि ३५ आले. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशरने दाखवून दिले की दहा रोपांच्या कसोटीत जी ५.६ टक्के चूक अटळ आहे ती धरली, तर अपेक्षा ६३ आणि ३७ ची असायला हवी. म्हणजे मेंडेलला खटकलेला आकडा खरे तर ठीकच होता. फिशरचा मुख्य आक्षेप, की एकंदर आकडे अपेक्षेशी प्रमाणाबाहेर जुळतात, त्यावर आजही वाद होतो. तो येथे आणण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. संकरात आई कोणती होती? आणि ५२ दाणे निवडताना गोल व सुरकुतलेले किती घेतले?

प्रयोगवही

सर्वांचे मनापासून आभार. आई पांढऱ्या फुलांचे झाड होते. पाकळ्यांचे टोक निदलांच्या बाहेर नुकतेच डोकावू लागले की कळी घेत असे. नावेसारखी खालची पाकळी चिमट्याने चिरून दहाही पुंकेसर काढायचे आणि जांभळ्या झाडाचा पराग कुक्षीवर लावून कळीला दोरा बांधायचा. पहिल्या काही कळ्यांत परागकोश आधीच फुटलेले दिसले म्हणून त्या सोडून दिल्या.

पेरणीसाठी मुद्दाम २६ गोल आणि २६ सुरकुतलेले दाणे घेतले होते, दोन्ही आकारांची झाडे पाहायला मिळावीत म्हणून. मेलेल्या बारांपैकी नऊ सुरकुतलेल्या दाण्यांची होती. जमीन थंड आणि ओली होती. या निवडीमुळे रंगाचे प्रमाण बिघडले असेल का?

संख्याशंकी

आई पांढरी होती हे फारच चांगले झाले. अप्रभावी गुणधर्माचे झाड आई म्हणून घेतले की स्वपरागणाची चूक स्वतःच उघडी पडते: ती रोपे पांढरीच फुलतात आणि उपटून टाकता येतात. तुमची सहाही झाडे जांभळी होती, म्हणजे सहाही खरे संकर होते. उलट आई जांभळी असती आणि एखादे झाड स्वपरागणाचे निघाले असते, तर दुसऱ्या पिढीत जांभळ्यांची भर पडली असती. तुमच्याकडे तर जांभळे कमी आहेत, म्हणजे तो संशय दोन्ही बाजूंनी संपतो.

आकार पाहून दाणे निवडल्याने रंगावर परिणाम होण्याचे कारण नाही, कारण आकाराचे जनुक आणि फुलांच्या रंगाचे मुख्य जनुक वाटाण्याच्या वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. सुरकुतलेले दाणे थंड ओल्या जमिनीत अधिक कुजतात हे खरे आहे, पण त्याने जांभळे आणि पांढरे दोन्ही सारखेच कमी होतील. कोणी म्हणेल की रंगीत सालीतील टॅनिन दाण्याला कुजण्यापासून वाचवते, तेव्हा पांढरी रोपे जास्त मेली असतील. येथे बीजपत्र यांचा मुद्दा कामी येतो: त्या ५२ दाण्यांची साल संकरित आईची होती, म्हणून आतला गर्भ कोणताही असो, संरक्षण सगळ्यांना एकसारखेच मिळाले. शिवाय पांढरी जास्त मेली असती, तर उरलेली पांढरी अपेक्षित १० पेक्षा कमी असायला हवी होती, १५ नव्हे. म्हणून मी याला निव्वळ योगायोग म्हणेन, आणि पुढच्या पिढीने मला खोटे ठरवले तर आनंदाने मान्य करीन.

बांधावरची_वही

फुलोऱ्याच्या दिवसांविषयी कोणीच लिहिले नाही, आणि मला तर तीच नोंद सर्वांत मोलाची वाटते. पैदासकाराचे बहुतेक काम अशाच, प्रमाण न देणाऱ्या गुणधर्मांवर चालते.

प्रमाण दिसत नाही याचा अर्थ वेगळे नियम लागू आहेत असा नाही. १९०९ मध्ये निल्सन-एहले यांनी गव्हाच्या दाण्याच्या लाल रंगावर जे संकर केले, त्यांत काही ठिकाणी लाल व पांढरे ३ : १ आले, काही ठिकाणी १५ : १ आणि काही ठिकाणी ६३ : १. एक, दोन किंवा तीन जनुके सारख्याच दिशेने थोडा-थोडा रंग भरत होती. लाल छटांच्या पायऱ्या इतक्या जवळ येत होत्या की डोळ्याला त्या सलग वाटत. त्यावर हवामान, ओल आणि जमिनीचा फरक पडला की पायऱ्यांच्या कडा पुसल्या जातात आणि उरतो एक उतार.

अशा गुणधर्मात जनुकांची संख्या साधारण किती, याचा एक ढोबळ अंदाज टोकाच्या झाडांवरून येतो. दोन जनुके असतील तर दुसऱ्या पिढीत १६ पैकी एक झाड एका जनकाइतके टोकाचे असते. तीन असतील तर ६४ पैकी एक, पाच असतील तर १,०२४ पैकी एक. ईस्ट यांनी तंबाखूच्या एका प्रजातीत सुमारे ४० आणि ९३ मिलिमीटर लांबीच्या फुलांचे वाण घेऊन संकर केला होता. दुसऱ्या पिढीच्या ४४४ झाडांत एकही झाड दोन्ही जनकांच्या लांबीपर्यंत पोहोचले नाही, म्हणजे तेथे चारांहून अधिक जनुके असावीत. तुमच्या फक्त ४० झाडांत मात्र ३९ दिवसांचे आणि ६७ दिवसांचे अशी दोन्ही टोके सापडली. म्हणून जनुके थोडी असावीत, दोन किंवा फार तर तीन.

ते एकच जनुक नसावे, हेही तुमच्याच नोंदीत आहे. एकच असते तर तीन गट पडले असते: ४० ते ४३, ५४ ते ५७ आणि ६१ ते ६६. तुमचे शुद्ध वाण आणि पहिली पिढी यांच्यातील पसारा तीन ते पाच दिवसांचाच आहे, म्हणजे वातावरणामुळे पडणारा फरक तेवढाच. मग ४४ ते ५३ या दिवसांत मोठी मोकळी जागा दिसायला हवी होती, आणि तुम्ही म्हणता ती नाही. पहिली पिढी उशिराच्या जनकाकडे थोडी कललेली आहे, म्हणजे उशीर हा अंशतः प्रभावी आहे.

जनकांमध्ये आणि पहिल्या पिढीत सर्व झाडांचे जनुकीय रूप एकच असते, म्हणून त्यांच्यातील विचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) निव्वळ वातावरणाचे. दुसऱ्या पिढीच्या विचरणातून ते वजा केले की जनुकांमुळे आलेला भाग उरतो. झाडागणिक दिवस लिहून ठेवले असतील तर हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या शुद्ध कुळांत हेच दाखवले होते: एका कुळातला सर्वांत जड दाणा पेरा की सर्वांत हलका, संततीचे सरासरी वजन तेच येते, कारण कुळाच्या आतला फरक वारशाने जात नाही. तुमच्या ३९ दिवसांच्या झाडाचे दाणे मात्र वेगळे ठेवा. त्याची संतती लवकर फुलते की नाही, यावरूनच ते झाड जनुकांमुळे लवकर फुलले की त्याला कोपऱ्यात थोडे जास्त ऊन मिळाले, ते कळेल.

प्रयोगवही (पुढच्या हंगामानंतर)

वहीतील नवी पाने येथे उतरवतो. पांढऱ्या झाडांचे नऊ वेगवेगळे आपसातले संकर यशस्वी झाले. त्यांपासून ३८ रोपे उगवली. बगलेत डाग एकाही रोपाला नाही, आणि जी फुलली ती सर्व पांढरी. पहिल्या पिढीच्या दाण्यांपैकी दोन शिल्लक होते. त्यांपासून वाढवलेल्या झाडांचा पांढऱ्या जनकाशी पुन्हा संकर केला, त्यातून ४२ रोपांपैकी १९ जांभळी आणि २३ पांढरी निघाली. एक चतुर्थांशाच्या अपेक्षेशी ताडून पाहिले तर काय-वर्ग ९.१७ येतो, निम्म्याच्या अपेक्षेशी ०.३८. जांभळ्या २५ झाडांपैकी तीन झाडांना पुरेसे दाणे नव्हते. उरलेल्या २२ कुळांत प्रत्येकी सोळा रोपे घेतली. ८ कुळे निखळ जांभळी आणि १४ मिश्र.

साल अगदी सांगितल्याप्रमाणे झाडागणिक निघाली: २५ झाडांचे दाणे करडे-तपकिरी, १५ झाडांचे फिकट, एकही अपवाद नाही. ३९ दिवसांच्या झाडाची अकरा रोपे ३८ ते ४३ दिवसांत फुलली.

वाण_निवडकार

म्हणजे एकच जनुक, आणि माझा ९ : ७ चा अंदाज चुकला. संख्याशंकी यांनी जनकांकडे बोट दाखवले तेव्हाच मी ते पाहायला हवे होते. ३८ ते ४३ दिवसांच्या त्या अकरा रोपांचे दाणे झाडानुसार वेगळे ठेवा, आणि त्यांत सुरकुतलेले किती आहेत तेही लिहून ठेवा.